घरगुती साठवण-सर्व्हरसाठी सुट्या भागांची निवड : एक ऐतिहासिक आढावा (१९५६–२०२०)

प्रस्तावना

संगणकीय साठवणीचा इतिहास बहुधा क्षमतावाढीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मेगाबाइटचे गिगाबाइट व गिगाबाइटचे टेराबाइट कसे झाले, हा त्याचा नेहमीचा कथाभाग होय. परंतु स्वतःच्या घरी साठवण-सर्व्हर, म्हणजे अनेक हार्ड डिस्क एकत्र जोडून घरातील सर्व संगणकांची माहिती एका जागी ठेवणारे यंत्र, उभारू पाहणाऱ्या व्यक्तीस क्षमतेचा प्रश्न फारसा अडवत नाही. तिला अडवणारा प्रश्न निराळा असतो : कोणता भाग केव्हा आणि कसा निकामी होईल, व हे आपणास कोण सांगणार?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अंगाने सुट्या भागांच्या निवडीचा इतिहास तपासला आहे. आज रूढ असलेले निवडीचे संकेत केवळ तांत्रिक प्रगतीतून आलेले नाहीत. भाग कसा बिघडतो याचे ज्ञान उत्पादकाच्या हाती राहावे की ग्राहकाच्या हाती यावे, या ओढाताणीतून ते घडले आहेत, असे येथील प्रतिपादन आहे. अध्यापक व संशोधकांस या विषयाचे महत्त्व वेगळे सांगण्याचे कारण नाही. हस्तलिखितांची छायाचित्रे, क्षेत्रकार्यातील मुलाखतींची ध्वनिमुद्रणे, वर्षानुवर्षांच्या नोंदी यांची एकमेव प्रत पुष्कळदा संशोधकाच्या घरातील एखाद्या डिस्कवरच असते.

भाड्याचे यंत्र, विकतचा भाग

१९५६ साली आयबीएमने ‘रामॅक’ ही यंत्रणा बाजारात आणली. तिच्या साठवण-विभागात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. ही यंत्रणा प्रामुख्याने दरमहा ३,२०० डॉलर भाड्याने दिली जाई. येथे तबकड्यांपेक्षा भाडे अधिक महत्त्वाचे आहे. यंत्र भाड्याचे असल्याने दुरुस्ती ही उत्पादकाचीच जबाबदारी होती. बिघाडाची नोंद त्याच्याच तंत्रज्ञाच्या वहीत होई आणि ग्राहकास ती जाणून घेण्याचे प्रयोजन नव्हते.

१९८० मध्ये पुढे सीगेट या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने सव्वापाच इंची, ५ मेगाबाइट क्षमतेची डिस्क आणली आणि डिस्क हा विकत घेऊन संगणकात बसवायचा एक भाग झाला. मालकी ग्राहकाकडे आली, तसा बिघाडाचा भारही त्याच्याकडे आला. त्या बिघाडाविषयीचे ज्ञान मात्र आले नाही. ते उत्पादकाकडेच राहिले आणि ग्राहकाच्या हाती पडले ते हमीचे एक पत्रक.

‘स्वस्त’ या शब्दाचा प्रवास

१९८८ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांचा ‘रेड’ या संकल्पनेवरील निबंध प्रसिद्ध झाला. घरगुती सर्व्हरचा वैचारिक उगम शोधायचा तर तो येथे सापडतो. मोठ्या संगणकाची एक महागडी डिस्क घेण्याऐवजी वैयक्तिक संगणकातील ७५ स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात; क्षमता तेवढीच मिळेल, वेग कितीतरी वाढेल आणि खर्च कमी होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता.

त्यातील अडचण त्यांनीच स्पष्टपणे मांडली. एका डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरले, तर अशा १०० डिस्कांच्या समूहातील पहिली डिस्क सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, निकामी होणार. म्हणून काही जागा मूळ माहितीसाठी न वापरता, हरवलेली माहिती पुन्हा रचता येईल अशा जादा माहितीसाठी राखून ठेवावी, हा त्यावरील उपाय. या निबंधाने एक मूलगामी बदल घडवून आणला. तोपर्यंत ‘न बिघडणारा भाग निवडा’ हे सूत्र होते. आता ‘प्रत्येक भाग बिघडणारच असे गृहीत धरून रचना निवडा’ हे सूत्र झाले.

मूळ इंग्रजी नावातील ‘आय’ हे अक्षर ‘स्वस्त’ या अर्थाच्या शब्दाचे होते. पुढे उद्योगक्षेत्राने त्याच अक्षराचा अर्थ ‘स्वतंत्र’ असा करून घेतला. महाग यंत्रणा विकणाऱ्यांना आपल्या मालाच्या नावातच स्वस्ताई असणे गैरसोयीचे वाटले असल्यास नवल नाही. घरगुती उभारणी करणाऱ्यांनी मात्र मूळ शब्दच खरा मानला. (रेड म्हणजे सुरक्षाप्रत नव्हे, हेही येथेच नमूद केले पाहिजे. चुकून पुसलेली फाइल रेड तितक्याच तत्परतेने सर्व डिस्कांवरून पुसते.)

आकडेवारी कोणाची?

२००० साली आयबीएमची ‘डेस्कस्टार ७५ जीएक्सपी’ ही डिस्कमालिका बाजारात आली. अल्पावधीतच तिच्याविषयी तक्रारींचा ओघ सुरू झाला. ग्राहकांनी तिचे नाव ‘डेथस्टार’ असे फिरवले आणि २००१ मध्ये अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला. पुढे आयबीएमने आपला डिस्क-व्यवसायच हिताचीस विकला. २००२ च्या अखेरीस प्रमुख उत्पादकांनी साध्या डिस्कांवरील हमी तीन वर्षांवरून एका वर्षावर आणली. डिस्कच्या पत्रकावर त्या काळी लाखो तासांचे, म्हणजे अनेक दशकांचे, सरासरी आयुष्य छापलेले असे आणि हमी मात्र एका वर्षाची. या दोन आकड्यांमधील अंतरच ग्राहकाच्या अज्ञानाचे माप होते, असे म्हणणे अतिशयोक्त ठरू नये.

ही कोंडी २००७ साली फुटली. एकाच परिषदेत दोन निबंध सादर झाले. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर व गार्थ गिब्सन (१९८८ च्या निबंधाचे सहलेखक ते हेच) यांनी सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या. पत्रकांवरील आकड्यांनुसार वर्षाकाठी फार तर ०.८८ टक्के डिस्क बदलाव्या लागावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के हे प्रमाण सर्रास आढळले व काही ठिकाणी ते १३ टक्क्यांपर्यंत गेले. महागड्या जोडणीच्या डिस्क आणि साध्या सॅटा डिस्क यांच्या बदलण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक त्यांना दिसला नाही. घरगुती उभारणी करणाऱ्यास याहून अनुकूल निष्कर्ष क्वचितच मिळाला असेल.

दुसरा निबंध गूगलच्या संशोधकांचा होता व तोही एक लाखाहून अधिक डिस्कांवर आधारलेला होता. डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते, त्यांतील चार नोंदी बिघाडाशी सर्वांत निगडित असल्याचे त्यांनी दाखविले. तथापि निकामी झालेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी या चारांपैकी एकही इशारा दिला नव्हता. तापमान आणि बिघाड यांचा संबंधही समजला जाई तितका दृढ आढळला नाही. मात्र कोणत्या उत्पादकाची डिस्क किती बिघडली, हे या निबंधात मुद्दाम दिलेले नाही. ज्ञानाचे दार अर्धे उघडले व तेथेच थांबले.

उरलेला अर्धा भाग उघडला तो बॅकब्लेझ या साठवण-सेवा देणाऱ्या कंपनीने. २००९ साली तिने ४५ साध्या डिस्क बसणाऱ्या आपल्या सर्व्हरचा संपूर्ण आराखडा, भागांच्या यादीसह, सर्वांसाठी खुला केला. २०११ च्या अखेरीस थायलंडमधील महापुरामुळे डिस्कनिर्मितीचे कारखाने बंद पडले व किमती भडकल्या. तेव्हा या कंपनीने किरकोळ दुकानांतून बाहेरून जोडावयाच्या डिस्क विकत घेऊन, त्यांची कवचे काढून, आतील डिस्क वापरल्या. ही युक्ती घरगुती उभारणी करणाऱ्यांमध्ये आजही रूढ आहे. जानेवारी २०१४ मध्ये कंपनीने सुमारे २७,००० डिस्कांच्या बिघाडाचे प्रमाण उत्पादक व नमुना यांच्या नावांनिशी जाहीर केले आणि २०१५ पासून मूळ नोंदीही खुल्या केल्या. सातत्याने डिस्क चालवणाऱ्या दालनातील आकडे घराला जसेच्या तसे लागू करणे योग्य नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरीही एकाच उत्पादकाच्या दोन नमुन्यांत दोन उत्पादकांमधील फरकाहून मोठा फरक असू शकतो, ही गोष्ट या नोंदींमुळेच सर्वसामान्य ग्राहकास प्रथम आकड्यांनिशी कळली. म्हणून कंपनीचे नाव पाहून नव्हे, तर नमुना-क्रमांक पाहून खरेदी करावी, हा संकेत दृढ झाला.

मेमरीचा नववा बिट

डिस्क बिघडली तर निदान कळते. मेमरीत एखादा बिट उलटला तर काहीच कळत नाही. चुकीची माहिती बरोबर म्हणून डिस्कवर लिहिली जाते. इंटेलच्या टिमोथी मे व मरे वुड्स यांनी १९७८–७९ मध्येच दाखवून दिले होते की, चिपच्या वेष्टनातील युरेनियम व थोरियमच्या अत्यल्प अंशांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवू शकतात. १९८१ च्या आयबीएम वैयक्तिक संगणकात प्रत्येक आठ बिटांमागे तपासणीसाठी नववा बिट होता. १९९० च्या दशकाच्या मध्यास स्वस्ताईच्या स्पर्धेत हा बिट साध्या संगणकांतून गळाला आणि चूक दुरुस्त करणारी ‘ईसीसी’ मेमरी मुख्यतः सर्व्हरच्या महाग भागांपुरती उरली. इंटेलने पुढे हा भेद बराच काळ काटेकोरपणे जपला. एएमडीच्या अनेक साध्या प्रोसेसरांत ही सोय खुली राहिली. घरगुती सर्व्हरसाठी मदरबोर्ड व प्रोसेसर निवडताना वेगापेक्षा ईसीसीची सोय आधी पाहिली जाते, त्यामागे हा इतिहास आहे.

२००९ साली श्रोडर आणि गूगलचे दोन संशोधक यांनी गूगलच्या यंत्रांतील मेमरीचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात सुमारे एक तृतीयांश यंत्रांत किमान एक चूक नोंदली गेली होती. ‘अशा चुका अगदी विरळ’ हे विक्रेत्यांचे म्हणणे त्यानंतर टिकले नाही.

याच काळात सन मायक्रोसिस्टिम्सने विकसित केलेली ‘झेडएफएस’ ही फाइल-प्रणाली २००५ मध्ये ओपनसोलारिसमधून खुली झाली व २००८ मध्ये फ्रीबीएसडीच्या सातव्या आवृत्तीत आली. ती प्रत्येक खंडासाठी एक चेकसम ठेवते आणि वाचताना पडताळते. डिस्क ‘माहिती बरोबर आहे’ असे म्हणते म्हणून तिच्यावर विश्वास ठेवण्याची गरज राहत नाही. परिणामी रेडचे महागडे स्वतंत्र कार्ड घेण्याऐवजी डिस्क थेट प्रणालीच्या हाती देणारे साधे कार्ड घेण्याकडे कल वळला.

वीजपुरवठ्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पारंपरिक रेडमध्ये लेखन अर्धवट असताना वीज गेल्यास मूळ व जादा माहितीचा मेळ तुटतो. परदेशी मार्गदर्शक पुस्तिकांत यूपीएस हा यादीतील शेवटचा, ऐच्छिक भाग असतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत ज्यांनी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील तासन्‌तासांचे भारनियमन अनुभवले, त्यांच्या यादीत त्याची जागा पहिल्या दोनांत असणे स्वाभाविकच होय.

कौलारू रचना

२०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलने ‘रेड’ याच उच्चाराच्या, परंतु ‘लाल’ या अर्थाच्या नावाने घरगुती व छोट्या साठवण-सर्व्हरसाठी खास डिस्क आणल्या. एखादा भाग वाचता न आल्यास साधी डिस्क दीर्घकाळ प्रयत्न करीत राहते व समूह तिला मृत समजून बाहेर काढतो. ही डिस्क काही सेकंदांतच प्रयत्न सोडून तसे कळवीत असे. ग्राहकाची गरज उत्पादकाने ओळखल्याचे हे लक्षण मानले गेले.

एप्रिल २०२० मध्ये उघड झाले की, याच मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही नमुन्यांत, ग्राहकास न कळवता, निराळी लेखनपद्धती वापरली गेली होती. तीत तबकडीवरील माहितीचे पट्टे छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांवर अंशतः चढवलेले असतात. जागा वाचते, पण मधले एक कौल बदलायचे तर पुढची ओळ उचलावी लागते, तसे एक पट्टा बदलताना शेजारचे पट्टे पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या वापरात हे जाणवत नाही. निकामी डिस्कच्या जागी नवी बसवून संपूर्ण माहिती पुन्हा रचण्याच्या वेळी मात्र लेखन अतिशय मंदावते, आणि समूहाला दुसरा बिघाड सोसण्याची ताकद सर्वांत कमी असते ती नेमकी त्याच वेळी. स्वतःच्या यंत्रांवर घडलेले प्रकार नोंदवून, ताडून पाहून ही गोष्ट उजेडात आणली ती वापरणाऱ्यांनी. त्यानंतर उत्पादकाने नमुन्यांची यादी जाहीर केली व जुन्या पद्धतीच्या डिस्कांस ‘रेड प्लस’ असे वेगळे नाव दिले.

त्याच वर्षी डीडीआर५ या मेमरीचे मानक प्रसिद्ध झाले. तीत चिपच्या आतल्या आत चूक दुरुस्त करण्याची सोय असल्याने जाहिरातींतून ‘ईसीसी’ हे शब्द साध्या मेमरीवरही दिसू लागले. ही सोय चिप आणि प्रोसेसर यांमधील मार्गावर होणाऱ्या चुका पकडत नाही, आणि आत दुरुस्त झालेल्या चुकांची नोंदही सामान्यतः प्रणालीपर्यंत पोहोचत नाही. नवव्या बिटाचे काम करणारी पूर्ण ईसीसी मेमरी डीडीआर५ मध्येही वेगळीच विकली जाते, आणि ती चालेल की नाही हे मदरबोर्ड व प्रोसेसर या दोहोंच्या माहितीपत्रकांत पाहावे लागते.