पडद्यावरील सवंगडी

सोलापूर हें गिरण्यांचें आणि मागांचें गांव. गिरणीच्या भोंग्यावर येथील दिवस मोजला जाई, त्या काळीं मुलांचा खेळ चाळीच्या अंगणांत चाले. विटीदांडू असो, आट्यापाट्या असोत वा सोंगट्यांचा पट असो, खेळास सोबती हवाच, हें गृहीत असे. पुढें जुन्या गिरण्या बंद पडल्या, अंगणें आक्रसलीं आणि मुलांच्या हातीं पडदा आला. आतां मूल एकलकोंडें होणार, अशी वडील माणसांची समजूत झाली. ती कितपत खरी, हें या खेळांच्या इतिहासावरूनच ठरविलें पाहिजे.

१९५८ सालीं अमेरिकेंतील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेंत विल्यम हिगिनबॉथम यांनीं पडद्यावरचा टेनिस रचला, तो दोघांकरितां. १९७२ चा ‘पाँग’ हाहि दोघांचाच. प्रतिपक्षी होण्याइतकी अक्कल यंत्रास तेव्हां नव्हती. म्हणून माणूस लागे. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्यें प्रतिपक्ष यंत्रानें पत्करला. १९९७ सालीं नोकियाच्या मोबाइलमध्यें ‘साप’ आला आणि खेळ एकट्याच्या खिशांत जाऊन बसला. एकटेपणा हा खेळाचा स्वभाव नव्हता. दूरच्या दोघांस जोडणारी तार महाग होती, इतकेंच.

भारतांत सामान्य जनांस इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजीं खुलें झालें. परंतु तें घरोघर परवडूं लागलें, तें सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू झाल्यावर. त्याच वर्षीं नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा ‘लुडो किंग’ निघाला. येथील पचिशीवरून बेतलेल्या ल्यूडोचें पेटंट इंग्लंडांत १८९६ सालीं घेतलें गेलें होतें. तोच पट आतां मोबाइलवर परत आला. २०२० च्या टाळेबंदींत दुरावलेलीं कुटुंबें त्यावर एकत्र बसलीं. २०१८ मध्यें आलेल्या ‘पब्जी मोबाइल’मध्यें तर चौघांची तुकडी करून, एकमेकांशीं बोलत खेळावयाचें असे. शिक्षणासाठीं पुण्यास गेलेल्या सोलापुरी तरुणास गांवच्या मित्रांची बैठक अशा रीतीनें रात्रीं पुन्हा लाभूं शकली.

२ सप्टेंबर २०२० रोजीं सरकारनें सुरक्षिततेच्या कारणास्तव हा खेळ बंद केला, तेव्हां अनेकांचा केवळ खेळ नव्हे, भेटण्याचा कट्टाच मोडला. जुलै २०२१ मध्यें तो नव्या नांवानें आला, जुलै २०२२ मध्यें पुन्हा दिसेनासा झाला आणि मे २०२३ मध्यें परतला.

मात्र जेथें संगत आहे, तेथें कुसंगतहि आहे. त्याच पडद्यावर अनोळखी माणूस सवंगडी म्हणून येतो आणि पैशाचा डावहि मांडला जातो. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें केलेल्या कायद्यानें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली व ई-क्रीडेस मान्यता दिली, ती याच विवेकानें. परंतु कायदा दारापर्यंत येतो. घरांतील विचारपूस घरानेंच करावयाची असते.

संक्रांतीस सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेस निघालेल्या मुलास सोलापूरची आई पहिल्यानें विचारते, तें “बरोबर कोण आहे?” हें. किती वेळ लागेल, हा प्रश्न मागाहून येतो. पडद्यावरच्या यात्रेस निघालेल्या मुलासहि प्रश्न याच क्रमानें विचारले गेले पाहिजेत.