फोटोतली बोट खरी हवी

१७ जुलै १९४७. सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ बोट रेवसला निघाली. अमावस्येचा दिवस, वादळी पाऊस. काश्याच्या खडकाजवळ ती कलंडली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. टायटॅनिकच्या प्रवाशांना वाचवणारी कार्पेथिया ज्या इंग्रजी गोदीने बांधली, त्याच स्वॉन हंटरने १९३६ मध्ये ‘रामदास’ बांधली होती.

पुढे कारखाने उभे राहिले तशी कोकणातली कितीतरी कुटुंबं पिंपरी-चिंचवडला आणि नंतर चाकणला आली. अशा एखाद्या घरात आजोबांच्या ट्रंकेत जुन्या आगबोटीचा फोटो असेल, तर तो मोबाईलवर ‘क्लीन’ करण्याआधी थोडं थांबा.

कृष्णधवल फोटो म्हणजे जिलेटिनच्या थरातले चांदीचे बारीक कण. दमट हवेत ही चांदी हळूहळू पृष्ठभागावर येते आणि काळ्या भागांवर निळसर चकाकी दिसते. जिलेटिन ओल धरून फुगतं, फ्रेमच्या काचेला चिकटतं. असा फोटो ओढून काढू नका, नाहीतर चित्राचा थर काचेवरच राहील. काचेसकट स्कॅन करा. स्कॅन रंगीत घ्या, फोटो कृष्णधवल असला तरी. पिवळा डाग निळ्या चॅनलमध्ये ठळक दिसतो, लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे काहीही नवं न रंगवता डागाखालचं चित्र मिळू शकतं.

एआयचं काम उलट चालतं. त्याने हजारो बोटी पाहिलेल्या असतात. तुमची पाहिलेली नसते. फाटलेल्या जागी ते शोभेल अशी खिडकी बसवतं, पुसट नावाच्या जागी अक्षरांसारखं काहीतरी उमटवतं. फोटो सुंदर होतो, पण पुरावा जातो. बोट ओळखतात ती धुराड्यावरून, डेकच्या रचनेवरून, नाळेवरच्या नावावरून. नेमकं तेच बदललं, तर उद्या कुठलीही बोट ‘रामदास’ म्हणून फॉरवर्ड होईल.

म्हणून मूळ स्कॅन जसाच्या तसा वेगळा ठेवा. दुरुस्ती प्रतीवर करा आणि काय भरलं ते फाईलसोबत लिहा. नाव वाचता येत नसेल, तर ती जागा पुसटच राहू द्या. घरातलं कुणी वडीलधारं ती बोट ओळखत असेल, तर त्यांचं म्हणणं आजच रेकॉर्ड करा. ते कुठल्याही स्कॅनमध्ये सापडणार नाही.