पन्नास मिनिटांचा तास

११ फेब्रुवारी १९९१, सोमवारची संध्याकाळ. जर्मनीतल्या बाम्बर्गमध्ये, अमेरिकी लष्कराच्या वॉर्नर बरॅक्सच्या फाटकावर तुम्ही उभ्या आहात. आज तुम्ही एका सार्जंटची बायको आहात. पहारेकरी तुमचं ओळखपत्र उलटसुलट करून पाहतो. १७ जानेवारीला बगदादवर बॉम्ब पडायला लागले, तेव्हापासून बंदोबस्त वाढलाय. कार्डावर फोटो तुमचा, पण खरी किंमत नवऱ्याच्या ओळख-नंबराला. दवाखाना असो की कॅन्टीन, काउंटरवरचा माणूस आधी तोच विचारतो. झोपेतून उठवलं तरी तुम्ही तो घडाघडा म्हणाल.

गाव आज गप्प आहे. एरवी लेंटच्या उपासांआधीचा हा सोमवार म्हणजे नुसता धिंगाणा, गोव्याच्या कार्निव्हलचा जर्मन भाऊबंद. यंदा आखाती युद्धामुळे कोलोन आणि माइन्झच्या मोठ्या मिरवणुका रद्द झाल्यात. घरात सुतक असलं की आपण सण करत नाही, तसंच. जर्मनीत ठिकठिकाणी खिडक्यांतून युद्धाच्या निषेधाच्या पांढऱ्या चादरी लोंबतायत. आणि ज्यांचे नवरे त्या युद्धावर गेलेत, त्या बायका बरॅक्सच्या क्लबात हसायला जमल्यात.

फौजींना हसवायला मोठमोठी माणसं जातात. नाताळात सत्त्याऐंशी वर्षांचे विनोदवीर बॉब होप सौदीत जाऊन आले. त्यांच्या चमूतल्या इतर कलावंत बायकांना तिथे कार्यक्रम करता आला नाही. मुभा मिळाली ती एकट्या डोलोरेस होपना, त्यांच्या बायकोला. मागे राहिलेल्यांसाठी मात्र कुणी विमान पाठवत नाही. म्हणून आज त्यांना हसवायला तुम्ही, पाच मिनिटं.

माइक हातात येतो. घशाला कोरड. समोर प्लास्टिकच्या ग्लासांत बिअर, मांडीवर पेंगणारी पोरं, पहिल्या रांगेत कर्नलच्या बाई. शनिवारी दुपारी दोनला शटर ओढणाऱ्या जर्मन दुकानदारांवरचा तुमचा पहिला विनोद सपशेल पडतो. मागे कुणीतरी खोकतं.

नवरा कुठे आहे, बरोबर किती जण आहेत, यातलं काही जाहीर बोलायचं नाही, असा हुकूम आहे. तेव्हा युद्ध वगळून जे उरतं, तेच तुमचं भांडवल.

"जाताना नवऱ्याने मला मुखत्यारपत्र दिलंय," तुम्ही म्हणता. "त्याची मोटारसायकल मी विकू शकते. विकली की नाही, ते पत्रात कळवणार नाही. सुरक्षेचा नियम आहे."

खसखस पिकते. कॅप्टनांच्या बायका आधी कर्नलच्या बाईंकडे बघतात, मग हसतात.

आता घड्याळ काढायचं. इथल्या प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात अमेरिकेहून आणलेलं विजेचं घड्याळ आहे. ते ६० हर्ट्झच्या विजेच्या तालावर चालायला बनवलेलं. जर्मन वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टचे ११० करतो, हर्ट्झ बदलत नाही. परिणामी एका तासात घड्याळ पन्नास मिनिटंच पुढे सरकतं.

"दोन वर्षं माझं घड्याळ रोज चार तास मागे पडतंय," तुम्ही सांगता. "मी काटे कधी फिरवले नाहीत. काल हिशेब केला. त्याच्या मते अजून ऑक्टोबर चालू आहे. नवरा सोफ्यावर लोळतोय, पाय टेबलावर. आणि मी ओरडतेय, सारखा घरात काय बसतोस, जा की जरा कुठेतरी!"

क्षणभर शांतता, आणि मग सगळा हॉल फुटतो. एकीने तोंडावर रुमाल दाबलाय. खांदे गदगदतायत, हसण्याने की रडण्याने ते तिलाही सांगता येणार नाही. हेच वाक्य प्रत्येकीने कधी ना कधी नवऱ्याला सुनावलेलं आहे. नोव्हेंबरात नवऱ्यांना निघायचा हुकूम आला, आणि तेव्हापासून ते घशात अडकून होतं.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. २४ तारखेला जमिनीवरची लढाई सुरू होईल आणि शंभर तासांत थांबेल. २६ तारखेला याच बाम्बर्गच्या, नावालाच घोडदळ असलेल्या पलटणीचे रणगाडे वाळूच्या वादळात इराकी रिपब्लिकन गार्डवर जाऊन आदळतील. या हॉलमध्ये ते कुणाला माहीत नाही, आणि तुम्हालाही सांगता येणार नाही. हातात फक्त माइक आहे, आणि पाच मिनिटं संपलीयत.

तुम्ही उतरता, तोच कर्नलच्या बाई उठतात. माइक मागून घेतात. हॉल आपसूक सावरून बसतो.

"आमचंही घड्याळ असंच," त्या म्हणतात. "दोन पोस्टिंगा झाल्या, कुणी हात लावलेला नाही. त्याच्या मते माझा नवरा अजून मेजरच आहे. तेव्हा तो माझं ऐकायचा."

आजच्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा त्या घेऊन जातात.