काळ्या मातीची साक्ष

१५४२ साली ओरेयाना हा स्पॅनिश सरदार ॲमेझॉन नदीतून समुद्रापर्यंत पोहोचला. सोबतच्या कार्वाहाल या पाद्र्याने काठावरच्या दाट वस्त्यांचे वर्णन लिहून ठेवले. पुढे रोगराईने आणि गुलामगिरीने वस्त्या उजाड झाल्या, रान माजले आणि पाद्री खोटा ठरला.

त्याच्या बाजूने साक्ष दिली ती मातीने. डच मृदाशास्त्रज्ञ सोम्ब्रूक यांनी १९६६ च्या ग्रंथात वर्णिलेल्या ‘टेरा प्रेटा’ या काळ्या मातीत कोळसा, खापरे, माशांचे काटे असा घरोघरचा केरकचरा मुरलेला आहे. आपल्या कोकणातल्या राबाची राख पावसात विरते. कोळसा शतकानुशतके टिकतो. आज ‘बायोचार’ म्हणून त्याचा प्रचार करताना एवढे विसरू नये : ती माती नुसत्या कोळशाने नव्हे, नांदत्या गावांनी घडवली.