शेत, शेजार आणि शुश्रूषा

मनोरुग्ण म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर उंच भिंती उभ्या राहतात. परंतु ख्रिस्तसभेच्या इतिहासात असे एक गाव आहे की, जेथे मनोरुग्णाचा सांभाळ शतकानुशतके भिंतीआड नव्हे, तर घरात, गोठ्यात आणि शेतात झाला. बेल्जियममधील अँटवर्प प्रांतातील गील हे ते गाव.

परंपरा सांगते की, सातव्या शतकात आयर्लंडची राजकन्या डिम्फना हिने वेड्या झालेल्या आपल्या पित्यापासून पळून जाऊन येथे आश्रय घेतला आणि त्याच्याच हातून ती रक्तसाक्षी झाली. पुढे ती मनोरुग्णांची आश्रयदाती ठरली. 1349 साली तिच्या नावाच्या चर्चचे बांधकाम सुरू झाले. दूरदूरचे रुग्ण नोव्हेनासाठी येऊ लागले. पंधराव्या शतकात चर्चला लागून त्यांच्यासाठी निवासही बांधण्यात आला. तोही अपुरा पडू लागला, तेव्हा धर्मगुरूंनी ग्रामस्थांना घराची दारे उघडण्याची विनंती केली. नऊ दिवसांसाठी आलेला पाहुणा कित्येकदा जन्मभरासाठी घरचाच झाला.

हे गाव शेतकऱ्यांचे, जमीन रेताड. पाहुणा गुरे राखी, बटाटे काढी, मुलांना खेळवी. दूध काढण्याची वेळ ठरलेली. तिच्यामुळे विस्कटलेल्या दिवसाला आपोआप आकार येई. माती कोणाला प्रश्न विचारीत नाही आणि गाय कोणाचा पूर्वेतिहास पाहत नाही! तेथील कुटुंबांना रुग्णाच्या व्याधीचे नावही सांगितले जात नसे, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

या व्यवस्थेत दोष नव्हते असे नाही. कुटुंबांना त्यासाठी मोबदला मिळे, रुग्णाचे श्रमही हवेच असत आणि पूर्वी काहींच्या पायांत बेड्याही असत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शासनाने ही व्यवस्था आपल्या हाती घेतली व 1862 साली रुग्णालय उघडले. म्हणजे शेजाराच्या जोडीला वैद्यकही आले. 1930 च्या दशकाच्या अखेरीस अशा पाहुण्यांची संख्या साडेतीन हजारांहून अधिक होती. आज ती काही शेकड्यांच्या आत आली असली, तरी परंपरा जिवंत आहे. 2023 साली युनेस्कोने तिची आदर्श जतनकार्य म्हणून नोंद घेतली.

इंग्लंडमध्ये हेच सत्य दुसऱ्या वाटेने उमगले. यॉर्क येथील वेड्यांच्या इस्पितळात 1790 साली एका स्त्रीचा मृत्यू झाला. त्याने व्यथित झालेल्या विल्यम ट्यूक व त्यांच्या क्वेकर बांधवांनी 1796 साली 'रिट्रीट' ही संस्था उघडली. तेथे रुग्णांसाठी बाग होती, चालण्यास मोकळी जागा होती. अंगणात ससे व कोंबड्या ठेवल्या जात; दुबळ्या जीवाची काळजी घेता घेता माणसाला स्वतःचा तोल सापडतो, ही त्यामागची श्रद्धा.

शेती आणि बाग ही औषधाची जागा घेऊ शकत नाहीत. गंभीर मनोविकारावर डॉक्टरांचा इलाज हवाच. मात्र औषधाने झोप आली तरी सकाळी उठून जायचे कोठे, हा प्रश्न उरतो. आपल्या देशाच्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. केवळ घरचे स्वीकारीत नाहीत म्हणून त्याला संस्थेत ठेवता येत नाही, असे तो बजावतो. पण कायदा दार उघडू शकतो. अंगणात बोलावणे शेजाऱ्याच्याच हाती असते.

आपल्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत, जेथे एक खोली पाहुण्यांना कधीच दाखवली जात नाही. त्या खोलीतील आपल्या भावाबहिणीला झाडांना पाणी घालण्यासाठी हाक मारणे आपल्याला अवघड आहे काय? गीलच्या शेतकऱ्यांनी याहून मोठे असे काही केले नव्हते.