सेलरसाहेबांचा ४१ वर्षांचा हट्ट

अमेरिकेतल्या कुठल्याही देशी पार्टीत ग्रीन कार्डच्या रांगेचा विषय निघतोच. पण ज्याने आपल्याला रांगेत उभं केलं, त्या एमॅन्युएल सेलरचं नाव काढा, सगळे कोऱ्या चेहऱ्याने बघतील.

सेलर ब्रुकलिनचा ज्यू वकील, जन्म १८८८. १९२३ मध्ये काँग्रेसमध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी इमिग्रेशनचा तो कुप्रसिद्ध कायदा आला. त्यातली चलाखी बघा. १८९० च्या जनगणनेत ज्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत होते, त्याच्या २ टक्के इतका त्या देशाचा वार्षिक कोटा. आता १८९० च का? तर इटली, पोलंड, रशियातून मोठे लोंढे आले ते त्यानंतर! आशियाला तर जवळजवळ दारच बंद. नवख्या सेलरने विरोधात भाषण ठोकलं. हरला. पण विषय सोडला नाही.

१९४६ मध्ये क्लेअर बूथ लूसबरोबर त्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळवून दिला, शिवाय कोटा. किती? वर्षाला १००! (सकाळच्या लोकलच्या एका डब्यात याहून जास्त माणसं लटकतात.)

शेवटी १९६५ मध्ये त्याच्याच नावाच्या हार्ट-सेलर कायद्याने ती जुनी पद्धत मोडली. गंमत म्हणजे, आशियातून फार कोणी येणार नाही, कारण त्यांचे इथे नातेवाईकच कुठे आहेत, असं खुद्द सेलर सभागृहाला समजावत होता. पण डॉक्टर-इंजिनियर कौशल्याच्या जोरावर आले, नागरिक झाले, मग भावंडांना बोलावलं. अंदाज साफ चुकला, आपलं नशीब! त्याच कायद्यात आशिया-युरोपातल्या प्रत्येक देशाला वर्षाला २०,००० ची मर्यादा होती. १९९० मध्ये तिचे ७ टक्के झाले. लिश्टनस्टाइनला जेवढी कमाल मर्यादा, तेवढीच भारताला. रांग तिथेच तुंबलीय.

आता दुसरी बाजू. न्यायविषयक समितीचा अध्यक्ष म्हणून १९६४ चा नागरी हक्क कायदा सभागृहातून पार करणारा हाच माणूस स्त्रियांच्या समान हक्कांची घटनादुरुस्ती वर्षानुवर्षं दाबून बसला. सुनावणीच घेईना. १९७२ च्या प्रायमरीत एलिझाबेथ होल्ट्झमन नावाची तिशीतली वकील त्याच्याविरुद्ध उभी राहिली. साहेबांनी तिला हिशेबातच धरलं नाही. जेमतेम सहाशे मतांनी हरले, पन्नास वर्षांची खासदारकी संपली.