पोचे

लग्नाच्या बँडमधला कॉर्नेट तुम्ही कधी जवळून पाहिलाय? त्याच्या अंगावर जितके पोचे असतात तितके आमच्या घरच्या पिंपावरही नाहीत, आणि पिंप आजीच्या रुखवतातलं आहे! बिचाऱ्याला वराती सोसाव्या लागतात. नाचणाऱ्या मामाचं कोपर लागतं, घोडा बुजतो, टेम्पोतून पेटी घसरते.

तसं धातूला आवाज द्यायचं आमच्या नगरला, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरला, जुनंच व्यसन. विजापूरची मुलूखमैदान तोफ मूळची आमची. १५४९ साली इथंच ओतलेली. तिला सूर एकच, पण लांबवर ऐकू जाई! पुढे १८०३ च्या ऑगस्टात वेलस्लीनं किल्ला घेतला. गोऱ्यांची छावणी आली, तिच्याबरोबर बिगुल आले. पण बिगुलाचे सूर मोजके. त्यावर माणसं झोपेतून उठवता येतात, बोहल्यावर चढवता येत नाहीत. ती सोय जर्मनांनी केली. स्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी १८१८ साली व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. मधली कळ दाबली की सूर अर्ध्यानं उतरतो, पहिलीनं एकानं, तिसरीनं दीडानं. झालं! पलटणीचे बँड पाहून लग्नाचे बँड निघाले, लाल डगल्यांसकट. वाद्यं मेरठहून येऊ लागली.

ती दुरुस्त करणारे एक चाचा माझ्या ओळखीचे. चातुर्मासात लोकांचे मुहूर्त संपले की यांचा सुरू. वाकड्या नळीत पोलादी गोळ्या सोडायच्या, लहानीपासून मोठीपर्यंत. गोळी पोच्याखाली अडली की वरून हलके ठोके. ठोकून पितळ कडक होतं, म्हणून मधेच तापवून मऊ करायचं; नाहीतर तडा जातो.

एकदा एक बँडमास्तर हटून बसले, "चाचा, अगदी नवा दिसला पाहिजे."

"मास्तर, दर पोच्यागणिक पत्रा पातळ होतो. सगळे काढले तर पोचेही जातील आणि बाजाही. सूर अडतो तेवढेच काढतो. बाकीचे ऱ्हाऊ द्या, वराती मोजायला."

"आता कसल्या वराती मोजता? डीजे आला ना!" मास्तर हळूच म्हणाले.

चाचांनी उत्तर दिलं नाही, गोळी पुढे सरकवली.

डीजेला पोचा पडत नाही, हे खरं. तो पडतो ऐकणाऱ्याच्या कानाला. आणि तिथं आतून गोळी सोडणारा चाचा अजून निघायचा आहे.